चाचणी हवी, पण कुणासाठी?

दात काढण्याआधी एचआयव्हीची चाचणी सक्तीची करा, अशी मागणी भारतात दंतवैद्यांकडून अधूनमधून होते. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणीला आणि उपचार नाकारायला बंदी आहे, तरीही. ब्रिटनमधून हा वाद ऐकताना वाटतं, चाचणी हवीच, पण कारण चुकीचं धरलंय. इथे हातमोजे, निर्जंतुक अवजारं, सुईची खबरदारी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच. रिपोर्ट बघून काळजी ठरत नाही. मात्र लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग निघाला, की एचआयव्हीची चाचणी सुचवायचीच. ती रुग्णासाठी असते.

प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा हा त्यातलाच एक आक्रमक प्रकार घ्या. १९९७ साली त्याचं पहिलं वर्णन झालं, तेव्हा तोंडातल्या गाठीच्या १६ रुग्णांपैकी १५ जणांना एचआयव्ही होता. हिरडीवर किंवा टाळूवर गाठ येते, भराभर वाढते, दात हलू लागतो. दात काढला तर खोबण भरून येत नाही, तिच्यातूनच मांस वर येतं. मग प्रतिजैविकांचा एक कोर्स, पाठोपाठ दुसरा. हा वेळ फार महाग पडतो, कारण केआय-६७, म्हणजे विभाजन होणाऱ्या पेशींचं प्रमाण दाखवणारी खूण, बहुधा ९० टक्क्यांच्या वर असतो, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पेशी विभाजनाच्या मार्गावर.

बायोप्सीत वरचा सडका थर आला, तर रिपोर्टमध्ये फक्त मृत पेशी. तुकडा कडेचा, खोल आणि जिवंत हवा, चिमट्याने न चेंगरलेला, आणि तुकड्याच्या आकारमानाच्या दहापट, १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणारं द्रावण) ठेवलेला. त्याआधी स्टिरॉइड अजिबात नको. गाठ तात्पुरती ओसरते नि निदान हुकतं.

प्रयोगशाळेतला सापळा वेगळा. या पेशींवर सीडी२०, म्हणजे बहुतेक बी-पेशी लिम्फोमांवर दिसणारं प्रथिन, सहसा नसतंच. सीडी२० आणि सीडी३ (टी-पेशींची खूण) एवढंच बघून थांबलं, तर लिम्फोमा नाही म्हणून कार्सिनोमाचा (आवरणपेशींच्या कर्करोगाचा) शिक्का बसू शकतो. सीडी१३८ आणि एमयूएम१ या प्लाझ्मा पेशींच्या खुणा, आणि ईबीव्ही (एपस्टाइन-बार विषाणू) शोधणारी ईबर ही तपासणी मागवावी लागते. तपासणीच्या फॉर्मवर एचआयव्हीची नोंद असेल, तर पॅथॉलॉजिस्टला हे चटकन सुचतं. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट इथे कामी येते. सक्तीच्या धाकाने तो दवाखान्यातच येईनासा होतो.

सीडी२० नसल्याने त्यालाच लक्ष्य करणाऱ्या रिटुक्झिमॅब या औषधाचा उपयोग नाही, चॉप ही लिम्फोमाची नेहमीची केमो अपुरी पडते. म्हणून ईपॉकसारखी तीव्र केमो निवडतात. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरूच ठेवायची, पण त्यात रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर केमोतलं विन्क्रिस्टिन शरीरात साचून मज्जातंतूंना इजा करतं. केमोआधीच रुग्णाला डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीवरच्या दुसऱ्या औषधावर आणावं.

तोंडातला व्रण तीन आठवड्यांत बरा झाला नाही आणि कारणही सापडत नाही, तर इथे कर्करोगाच्या शंकेने तातडीने पाठवतात. न भरणाऱ्या खोबणीलाही हाच नियम लावावा: प्रतिजैविकांचा तिसरा कोर्स लिहिण्याऐवजी बायोप्सी, आणि समजावून, संमतीने, त्याच भेटीत एचआयव्हीची चाचणी.