‘रायफल खोटी निघाली’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही मराठीत लिहिलंत, तेव्हा उत्तरही मराठीतच देतो. शनिवारी काउंटरवर चाळीस मिनिटं ताटकळावं लागलं त्याबद्दल माफी मागतो. गर्दी होती आणि माणसं कमी होती. त्यातला बराच वेळ फॉर्म ४४७३ आणि पार्श्वभूमी तपासणीत गेला. तो अमेरिकेचा फेडरल कायदा आहे. परवानाधारक दुकानातून बंदूक घेणाऱ्या प्रत्येकाला तो फॉर्म भरावाच लागतो आणि तपासणीचं उत्तर किती वेळात येईल ते आमच्या हातात नसतं. ‘गुन्हेगारासारखं वागवलं’ हे मात्र मनाला लागलं.

तरी ते एक वेळ पचवलं असतं. पण पुढे तुम्ही लिहिलंय: ‘खारीच्या शिकारीसाठी .१७ मागितली तर .२२ गळ्यात मारली. तीही खोटी. रेंजवर १०० यार्डांवर नीट लागते, पण झाडावरची खार ३० यार्डांवरून चुकते. फसवणूक आहे.’ (.१७ आणि .२२ ही नळीच्या इंचातल्या व्यासावरून पडलेली काडतुसांची नावं.) हे इथे नवं गिऱ्हाईक रोज वाचणार. एवढ्याशा दुकानाचं पोट याच ताऱ्यांवर असतं, म्हणून थोडं लांबण लावतो.

रायफल खोटी असती तर ती १०० यार्डांवरही लागली नसती. आम्ही ती ५० यार्डांवर झीरो करून दिली होती, म्हणजे त्या अंतरावर दुर्बिणीतला काटा जिथे, गोळीही तिथेच लागेल अशी जुळवून. तो पाच भोकांचा कागद डब्याच्या झाकणात आहे आणि त्यावर काडतुसाचं नाव पेनने लिहिलंय. .२२ लाँग रायफलची ४० ग्रेन वजनाची हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) गोळी साधारण १२५० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटते. दुर्बीण नळीच्या मध्यापासून दीड इंच उंच असेल आणि झीरो ५० यार्डांवर असेल, तर १० यार्डांवर गोळी पाऊण इंच खाली लागते आणि २० ते ५० यार्डांत पाव इंचाच्या आत राहते. करड्या खारीच्या डोक्याचा नेम धरायचा भाग जेमतेम दीड इंचाचा. म्हणजे २० ते ५० यार्डांत काहीही हिशोब न करता डोक्यावर काटा धरायचा आणि चाप दाबायचा. ५० यार्डांचा झीरो द्यायचं कारण एवढंच.

आता तुम्ही टाकलेला फोटो बघा. रायफल टेबलावर आहे आणि आम्ही बसवलेली ३२ मिलिमीटर भिंगाची रिमफायर (.२२ सारख्या छोट्या काडतुसांसाठीची) दुर्बीण त्यावर नाही. हरणाच्या रायफलवर बसवतात तशी ५० मिलिमीटर भिंगाची मोठी दुर्बीण आहे, तीही खालून आरपार दिसणाऱ्या उंच रिंगांवर, म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या कड्यांवर. फोटोवरून दुर्बिणीची नळीच्या मध्यापासूनची उंची सव्वादोन इंचांच्या आसपास दिसते. ही दुर्बीण तुम्ही १०० यार्डांवर झीरो केलीत, असं तुम्हीच लिहिलंय. त्याच गोळीचं आता काय होतं ते सांगतो: १० यार्डांवर पाऊण इंच खाली, २० वर अर्धा इंच वर, ३० वर दीड इंच वर, आणि ५० वर जवळजवळ ३ इंच वर. खारीच्या कानावरून गोळी जाते आणि ती तुमच्याकडे बघत बसते. वर रोखून मारल्यामुळे नेम चुकतो असं बरेच जण म्हणतात, पण ३० यार्डांवर त्या कोनाचा फरक मोजण्याइतकाही नसतो.

त्यात पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की काटाही लक्ष्यावर सरकलेला दिसणं. ते एका ठरावीक अंतरावरच नाहीसं होतं. सेंटरफायर (हरणाच्या शिकारीसारख्या मोठ्या काडतुसांच्या) रायफलच्या दुर्बिणी बहुतेक १०० यार्डांवर लावलेल्या येतात आणि रिमफायरच्या ५० वर. १०० वाल्या दुर्बिणीतून ३० यार्डांवर बघताना डोळा भिंगाच्या मध्यावरून सरकला की काटा खारीवर हलतो. अर्धा इंच तिथेच गेला. उंच रिंगांमुळे गाल दस्त्याच्या लाकडावर टेकत नाही, हनुवटी टेकते, म्हणजे डोळा सरकणारच. घरी पडताळायचं असेल तर बोल्ट (काडतूस आत ढकलणारा मागचा दांडा) काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवा आणि हात न लावता दुर्बिणीमागे डोकं वरखाली करा. काटा लक्ष्यावरून चालताना दिसेल.

फोटोत काडतुसांचे दोन डबे आहेत. एक हाय व्हेलॉसिटी आणि दुसरा स्टँडर्ड व्हेलॉसिटी, १०७० फुटांचा. दोन्ही चांगले, पण एका झीरोवर दोन्ही चालत नाहीत. पहिल्यावर ५० यार्डांचा झीरो असेल तर दुसरी गोळी तिथे साधारण इंचभर खाली जाते, काही नळ्यांत बाजूलाही सरकते. शिवाय गोळीवरचं वंगण बदललं की नळी त्या वंगणाला बसायला दहा-वीस गोळ्या लागतात, तोवर जमाव (कागदावरच्या भोकांचा पुंजका) पसरलेलाच दिसतो. त्यावरून निकाल देऊ नये. स्वस्तात मिळाल्या म्हणून तीन तऱ्हेच्या गोळ्या एकाच मॅगझिनमध्ये भरणारेही असतात. तुम्ही तसं केलं असं म्हणत नाही.

.१७ बद्दल. .१७ एचएमआर हे काडतूस २००२ मध्ये आलं. १७ ग्रेनची गोळी २५५० फुटांनी सुटते, १०० यार्डांपर्यंत तिचा मार्ग सपाट राहतो, आणि उघड्या माळावर दूरच्या बिळातल्या खारींना मारायचं असेल तर ती आम्हीच पुढे करतो. पण तुम्ही काउंटरवर सांगितलंत की ओक-हिकरीच्या रानात जाणार आणि मांस खाणार. ती हलकी गोळी आत फुटते. डोक्यावर लागली तर ठीक, खांद्यावर लागली तर अर्धी खार टाकून द्यायची. काडतूसही महाग, मग सराव कमी होतो. .२२ ‘गळ्यात मारून’ आम्हाला उलट कमीच पैसे मिळाले, हेही लिहून ठेवतो.

हंगामाच्या सुरुवातीला पानं दाट असतात, खार थांबत नाही आणि रायफलला वेळ मिळत नाही. म्हणून आम्ही २० गेजची शॉटगन (छर्ऱ्यांची बंदूक) सुचवली होती: मॉडिफाइड चोक (नळीचं तोंड मध्यम आवळलेलं), ६ नंबरचे छर्रे, पाऊण ते एक औंस, ३०-३५ यार्डांपर्यंत. छर्रे दाताखाली येतात म्हणून तुम्ही नको म्हणालात. मान्य, तो आवडीचा भाग आहे. त्याहून बारीक नळीची .४१० शॉटगन नको असं आम्ही म्हणालो कारण अडीच इंची काडतुसात अर्धाच औंस शिसं असतं. धक्का कमी म्हणून ती नवख्यांची बंदूक समजतात. खरं तर ती मुरलेल्या हाताची आहे.

‘नको ते प्रश्न विचारले’ म्हणता. कुठे मारणार, खार फांदीवर असेल तेव्हा मागे काय असेल, हे आम्ही प्रत्येकाला विचारतो. .२२ ची गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते आणि झाडावर मारलेली, चुकलेली गोळी आभाळाकडे निघते. मागे जाड खोड असेल तरच चाप दाबायचा, नाहीतर खार सोडून द्यायची. तिथे शॉटगन बरीच सुरक्षित, कारण ६ नंबरचे छर्रे दोन-तीनशे यार्डांत गळून पडतात. हे विचारायला पाच मिनिटं लागत असतील तर लागोत.

पैसे परत मागितलेत. वापरलेली बंदूक परत घेता येत नाही, हे पावतीवर लिहिलेलं आहे आणि दाखवूनही दिलं होतं. पण रायफल घेऊन या. बोल्ट बाहेर काढलेला, चेंबर रिकामं, केसमध्ये बंद. रिंगांचे आणि लाकडाचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासून देऊ, काही घेणार नाही. आमची ३२ ची दुर्बीण पुन्हा चढवू आणि कागदावर नाव लिहिलेल्या त्याच काडतुसाने, पिशव्यांवरून, ५० यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे तीन जमाव तुमच्यासमोर मारू. नळी बसल्यावर इंचाच्या आत जमाव आला नाही, तर रायफल आमच्या खर्चाने कंपनीकडे पाठवू. काउंटरवरच्या गर्दीचंही काहीतरी बघतोय, शनिवारी एक माणूस वाढवायचा विचार आहे.

मोठीच दुर्बीण ठेवायची असेल तर तिचं पॅरॅलॅक्स ५० यार्डांवर आणता येतं का ते मॉडेल बघून सांगू. काही दुर्बिणींत पुढची कडी फिरवून ते बदलता येतं, काहींत नाही. भिंग नळीला न टेकता बसेल एवढ्या सगळ्यांत कमी उंचीच्या रिंगा काढून ठेवतो. दोन्ही डब्यांतल्या उरलेल्या गोळ्याही आणा, पण वेगवेगळ्या.