वर जाण्याची शक्यता

काल सायंकाळी आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये थांबली आणि दुर्दैवाने तिच्यात मी एकटाच होतो. वाचण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे आतल्या भिंतीवरचा देखभालीचा तक्ता मी पुढील पन्नास मिनिटांत नऊ वेळा वाचला. त्यावर बारा महिन्यांच्या बारा सह्या एकाच शाईने केलेल्या होत्या. वर्ष मात्र अजून संपलेले नाही.

मी धोक्याची घंटा वाजवली. बऱ्याच वेळाने जाळीच्या दरवाज्यापलीकडे, माझ्या छातीच्या उंचीवर, चौथ्या मजल्याच्या फरशीवर दोन चपला येऊन उभ्या राहिल्या. त्या वापरणाऱ्या काकांना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, म्हणून आमचे सारे संभाषण मला चपलांकडे पाहूनच करावे लागले.

"आत कोणी आहे का?"

"मी आहे, काका. लिफ्ट अडकली आहे."

"अरेरे! म्हणजे मला आता जिन्याने उतरावे लागणार."

तेवढ्यावर ते गेले असते तरी चालले असते. परंतु मला धीर देणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्यांना वाटले. "1854 साली ओटिस नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच पाळण्यावर उभे राहून स्वतःचाच दोर तोडायला लावला होता. पाळणा जागच्या जागी थांबला!"

"माझाही थांबलाच आहे," मी म्हणालो.

"शिवाय दोराच्या दुसऱ्या टोकाला जे वजन असते, ते रिकाम्या लिफ्टचे वजन अधिक तिच्या पूर्ण भाराचा साधारण निम्मा भाग इतके ठेवतात. तुम्ही पडलात एकटे आणि अंगाने हे असे. त्यामुळे ब्रेक सुटलाच, तरी तुम्ही खाली पडणार नाही. तुम्ही वर जाल."

मी काही बोललो नाही. माझ्या मौनाचा अर्थ समाधान असा घेऊन चपलांनी हेच गणित मला पुन्हा एकदा, अधिक सावकाश समजावून सांगितले.

अखेर मेकॅनिक आला. त्याने मला बाहेर काढले, दरवाज्याच्या खालच्या खोबणीतून वाटाण्याएवढा खडा उचलला आणि तो माझाच असावा अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. खड्यामुळे जाळी पुरती मिटत नव्हती; चालत्या लिफ्टच्या हादऱ्याने ती किंचित सरकली, तिचा विद्युतसंपर्क तुटला आणि विजेने उघडा राहणारा ब्रेक स्प्रिंगच्या जोराने आवळला गेला. थोडक्यात, लिफ्टने आपले काम चोख केले होते. 'खोबणी साफ करणे' हे तक्त्यातले पहिले काम असून त्यापुढे बाराही महिन्यांत बरोबरची खूण आहे, हे मी त्याला दाखवले. ज्या कामाला एक झाडू आणि अर्धे मिनिट पुरते, त्याची खूण करायला मात्र यांना वेळ असतो!

त्याने शांतपणे पेन काढले आणि आजच्या दुरुस्तीची नोंद करण्यासाठी तक्त्यावर जागा शोधली. सगळे रकाने भरलेले होते. त्याने पेन पुन्हा खिशाला लावले आणि काका लिफ्टने खाली गेले.