चौदा लाखांचा भोपळा

गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे चहाचा पेला बदलतो, हे मला गेल्या शनिवारपर्यंत ठाऊक नव्हते. मुंबईतील ज्या दालनात मी नवा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे गाण्याचा संकेत वाढवून स्पीकर वाजवणारे यंत्र, पाहावयास गेलो होतो, तेथे पहिला चहा चिनी मातीच्या कपबशीतून, सोबत दोन बिस्किटे घेऊन आला; आणि माझी मर्यादा ६५ हजारांची आहे, हे कळल्यानंतरचा दुसरा चहा कागदी पेल्यातून, एकटाच आला. घरचा तीस वर्षांचा अ‍ॅम्प्लिफायर डाव्या बाजूने मुका झाला नसता, तर हा अपमान टळला असता.

दालनातील तरुण विक्रेत्याने माझ्यासमोर दोन अ‍ॅम्प्लिफायर मांडले होते. एक माझ्या मर्यादेतला, क्लास एबी पद्धतीचा, ८० वॅटचा. दुसरा क्लास ए, अवघ्या ३० वॅटचा, वजन ४८ किलो, किंमत १४ लाख. "सर, घेऊ नका, पण ऐकून तर पाहा," असे तो म्हणाला. साडीच्या दुकानात पैठणी खांद्यावर टाकून पाहण्याचा आग्रह होतो, त्याच जातीचे हे वाक्य होते. क्लास ए म्हणजे गाणे चालू असो वा नसो, ट्रान्झिस्टरमधून प्रवाह अखंड वाहता ठेवायचा. साहेब जेवायला गेले तरी सरकारी मोटारीचे इंजिन चालूच ठेवावे, तसे. एबीमध्ये लाटेचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो व खालचा दुसरा, आणि पाळी बदलताना किंचित धक्का बसण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी ही सगळी ऊब सोसायची. त्या पेटीवर हात ठेवला तर पापड भाजता येईल असे वाटले. मागच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे ती स्वस्थ बसूनसुद्धा ३०० वॅट खात होती. वीज मंडळात ३४ वर्षे काढल्यामुळे माझा हिशेब आपोआप सुरू झाला: रोज चार तास, म्हणजे महिन्याला ३६ युनिट, शिवाय त्या उष्णतेवर उतारा म्हणून वातानुकूलन यंत्र, आणि त्या यंत्राच्या घरघरीत बुडालेला तानपुरा.

तानपुऱ्याचा विषय काढला तो कोपऱ्यातील सोफ्यावर बसलेल्या गृहस्थांनी. वय सत्तरीच्या पुढे, अंगात खादीचा झब्बा, मांडीवर मखमली पिशवी. त्या पिशवीत त्यांची स्वतःची वायर होती, कारण दालनातील वायरीवर त्यांचा विश्वास नव्हता. ते ग्राहक नव्हते आणि नोकरही नव्हते. देवळाच्या ओट्यावर जसे एखादे आजोबा कायमचे असतात, तसे ते तेथे होते, आणि त्यांचा चहा मात्र न मागता कपबशीतून येत होता. विक्रेत्याने आधी स्वस्त व मग महाग यंत्रावर एकच ख्याल लावला. गृहस्थांनी डोळे मिटले, मान किंचित डावीकडे कलवली आणि उजव्या हाताची तर्जनी हवेत उभी केली.

"ऐकलंत?"

"काय?"

"भोपळा. मिरजेचा आहे. मघाशी नुसत्या तारा वाजत होत्या, आता भोपळा वाजतोय. आतून पोकळ, बाहेरून पॉलिश. आणि गायक मघाशी भिंतीला टेकून बसले होते, ते दीड फूट पुढे सरकलेत."

मी कान देऊन ऐकले. मला ऐकू आला तो केवळ परीक्षेत मिळतो तो भोपळा. तसे मी प्रामाणिकपणे सांगितल्यावर त्यांनी डोळे उघडून, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या सुरात विचारले, "आपलं वय काय?" मी चौसष्ट म्हणालो. "हं. वरचे सूर जातात हो या वयात." हे खरेच आहे, साठीनंतर वरच्या पट्टीतील बरेच काही कानावर येईनासे होते. पण माझ्याहून आठ-दहा वर्षांनी वडील असलेल्या माणसाने ते मला सांगावे, आणि स्वतः मात्र मिरजेचा भोपळा पॉलिशसकट ऐकावा, हे मला अजून पचलेले नाही.

मग मी माझ्या पिशवीतून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट वगैरे मोजायचा मीटर, काढला. दालनात अशी शांतता पसरली, की जणू मी सोयरिकीच्या बैठकीत मुलीचे वजन करायला काटा काढला होता. माझे म्हणणे साधे होते. दोन यंत्रांपैकी एक जरासे मोठ्याने वाजत असेल, तर कानाला ते मोठे वाटत नाही, चांगले वाटते. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्ही आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवावे लागतात, म्हणजे स्पीकरच्या टोकांवर एकीकडे २.८३ व्होल्ट असतील तर दुसरीकडे २.८६ च्या वर जाता कामा नये. माझा मीटर साधा, पण ५० हर्ट्झवर, म्हणजे घरच्या विजेच्या कंपनसंख्येवर, चोख आहे, म्हणून फोनमध्ये त्याच सुराची फाइल भरून नेली होती. ज्या ५० हर्ट्झची मी जन्मभर चाकरी केली, ती त्या लाखमोलाच्या स्पीकरांतून घुमू लागताच गृहस्थ ताडकन उठले. "अहो, ही तर रोहित्राची घरघर! स्पीकर विटाळलेत तुम्ही!"

स्वस्त यंत्रावर २.८३, महागावर ३.१४. म्हणजे जवळजवळ ०.९ डेसिबलचा फरक. गायक दीड फूट पुढे का सरकले, याचा उलगडा मला तरी झाला. विक्रेत्याने नाइलाजाने आवाज जुळवला आणि पुन्हा तोच ख्याल लावला. गृहस्थांनी या वेळी तर्जनी उभी केली नाही. ते म्हणाले, "आता दोघांचाही प्राण गेला. मीटरच्या सळ्या टोचल्यावर यंत्राला सावरायला अर्धा तास लागतो." कागदी पेला आला तो याच सुमारास.

माणसाला वॅट विकण्याची ही कला जुनीच आहे. नव्वदच्या दशकात आमच्या घरी आलेल्या टेपरेकॉर्डरवर '१००० वॅट पीएमपीओ', म्हणजे क्षणभरापुरती कमाल ताकद, असे सोनेरी अक्षरांत छापलेले होते आणि मागे अर्ध्या अँपियरचा फ्यूज होता. २३० व्होल्टवर अर्धा अँपियर म्हणजे ११५ वॅट. उरलेले ८८५ वॅट बहुधा श्रद्धेवर चालत असावेत. आताचे गिऱ्हाईक शहाणे झाले आहे म्हणून त्याला वॅटऐवजी भोपळा विकतात, इतकाच फरक. १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हर या अभियंत्याने 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या समीक्षकांशी पैज लावली होती, की त्यांनी निवडलेल्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज आपण आपल्या स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरमधून काढून दाखवू. त्याने दोन्ही यंत्रांना एकच गाणे देऊन त्यांच्यामध्ये स्पीकर जोडला, म्हणजे त्यातून केवळ दोघांतला फरकच ऐकू यावा, आणि तो फरक जवळजवळ विरून जाईपर्यंत आपल्या यंत्रात बदल केले. समीक्षकांना हार मानावी लागली. ही हकिगत मी गृहस्थांना सांगितली. "अमेरिकेत भोपळे चांगले नसतात," असे त्यांचे उत्तर आले.

याचा अर्थ सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच, असे मी म्हणणार नाही. अवघड स्पीकरला भरपूर प्रवाह लागतो, तेथे दुबळे यंत्र धापा टाकते. ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या काही यंत्रांचा स्वभाव मोजमापातही वेगळा दिसतो. पण एका वॅटला ८८ डेसिबल देणारा स्पीकर माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत बहुतेक वेळ एका वॅटच्या आतच वाजतो, आणि त्याच खोलीत गुळगुळीत फरशी, उघडी खिडकी, पंखा व शेजारणीचा मिक्सर हे चार कलावंत आधीपासून हजर असतात. १४ लाखांतले काही हजार पडदे, गालिचा आणि पुस्तकांनी भरलेले एखादे कपाट यांवर घाला, असे त्या दालनात मला कोणीही सांगितले नाही, कारण गालिचा ते विकत नाहीत. राग येतो तो याचा. ज्याला फरक ऐकू येत नाही त्याचे कान कच्चे, आणि ज्याला येतो त्याचा खिसा आपला, असा हा पक्का बंदोबस्त आहे. कान कच्चे ठरू नयेत म्हणून मान डोलावणारी कितीतरी सज्जन माणसे मी त्या दोन तासांत काचेपलीकडच्या खोलीत पाहिली.

त्याहून मोठा राग स्वतःचा आहे. आवाज जुळवल्यानंतरच्या त्या शेवटच्या फेरीत, समेच्या जरा आधी, मला क्षणभर खर्जाची तार अधिक गोल वाटली. मी ते कोणाला सांगितले नाही. पेटीच्या उबेमुळे असेल, किंवा तो माणूस शेजारी बसला होता म्हणून असेल.

खरेदी न करताच मी निघालो. लिफ्टपाशी गृहस्थ मखमली पिशवी सांभाळत मागून आले आणि माझ्या मल्टिमीटरकडे बोट दाखवून हळू आवाजात म्हणाले, "राग मानू नका. पण त्या सळ्या तेवढ्या सोन्याचा मुलामा असलेल्या घ्या. आकडे जास्त मोकळे येतील."

घरच्या अ‍ॅम्प्लिफायरचे दोन कपॅसिटर फुगले होते. लॅमिंग्टन रोडवरून नवे आणून मी ते बदलले, आणि डावी बाजू पुन्हा बोलू लागली. त्याच दुकानात मी सोनेरी सळ्यांची किंमत विचारली. घेतल्या नाहीत, नुसती विचारली.