‘मोठा ब्रँड बघा आणि डोळे मिटून घ्या’: पहिल्या मोटरबोटीबद्दलच्या एका लाडक्या सल्ल्याला उत्तर

हौसेसाठी पहिली मोटरबोट घ्यायची म्हटलं की एक सल्ला न मागता मिळतो. इतक्या तोंडून तो आलाय की मूळ कुणाचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्याचा गाभा असा: नवख्यानं फार डोकं चालवू नये. दोन-तीन मोठ्या नावांतलं एक निवडावं आणि मोकळं व्हावं. मोठ्या नावाची बोट मजबूत असते, ती बुडत नाही, लाटेत आदळत नाही, इंजिन कंपनीनंच जुळवून दिलेलं असतं, आणि पुढे विकायला काढली तर पैसे वसूल होतात.

म्हणजे एका वाक्यात पाच दावे. मी स्वतः पहिली बोट ह्याच सल्ल्यावर घेतली होती, त्यामुळे खालचं थोडं स्वतःला सुनावल्यासारखंही आहे.

‘मोठ्या नावाची बोट मजबूत असते’

नाव म्हणजे नेमकं कोण? ‘फोर विन्स’ ह्या मोटरबोटींच्या नावाचं उदाहरण घ्या. १९८६ मध्ये हा ब्रँड आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशननं घेतला. ती कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. २००१ मध्ये तो जेनमार ह्या बोटी बांधणाऱ्या कंपनीकडे आला. २००९ मध्ये जेनमारनंही दिवाळखोरीचा अर्ज केला. मग २०१० मध्ये प्लॅटिनम इक्विटी ही गुंतवणूक कंपनी मालक झाली आणि २०१४ मध्ये फ्रान्सचा बेनेतो समूह. मूळ संस्थापक धरले तर पाच मालक, आणि बोटीच्या कुशीवरची अक्षरं तीच. त्या बोटी वाईट असतात असं मी म्हणत नाहीये. ‘फोर विन्स चांगली असते’ असं कुणी म्हणालं, तर कुठल्या सालची, हा पहिला प्रश्न हवा, एवढंच. मालक बदलला की कारखाना, कामगार, साचे, राळ, लाकूड, सगळं बदलू शकतं.

उलट गंमतही आहे. ‘सी रे’ भारी की ‘बेलायनर’, ह्यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक मी पाहिलेत. दोन्ही ब्रँड १९८६ मध्ये ब्रन्सविक ह्या एकाच कंपनीनं घेतले. ‘बॉस्टन व्हेलर’ १९९६ मध्ये त्याच घरात आला. एक मालक आणि तीन वेगळ्या खिशांसाठी तीन वेगळ्या बोटी. तेव्हा मजबुती नावातही नाही आणि मालकातही नाही. ती तुमच्या समोर उभ्या असलेल्या त्या एका बोटीत असते किंवा नसते.

मग ती बघायची कुठे? सगळ्यात आधी मागच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला. तिथे बोटीचा ओळख क्रमांक कोरलेला असतो. अमेरिकी पद्धतीत तो बारा खुणांचा असतो: पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्याची, मधली पाच त्या बोटीची, आणि शेवटची चार तारखेची. शेवटी ‘एफ३२४’ असेल तर बोट २०२३ च्या जूनमध्ये बांधायला घेतली आणि २०२४ चं मॉडेल म्हणून विकली. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘एल’ म्हणजे डिसेंबर. युरोपात ह्याच क्रमांकाच्या आधी देशाची दोन अक्षरं लागतात. कुशीवरचं नाव स्टिकरचं असतं, ते कुणीही चिकटवतं. हा क्रमांक वाचायला अर्धं मिनिट लागतं, आणि ‘अगदी नवी’ म्हणून दाखवलेली बोट दोन हिवाळे अंगणात काढून आलीय का, तेही त्यातच कळतं.

दुसरी जागा म्हणजे ट्रान्सम, इंजिन ज्या मागच्या भिंतीवर टांगलेलं असतं ती. बोट जुनी असेल तर फायबरच्या दोन थरांच्या मध्ये तिथे बहुतेक वेळा प्लायवूड सापडेल. स्क्रूच्या एका भोकातून पाणी आत शिरलं की ते लाकूड आतल्या आत कुजत जातं, आणि वरून भिंत चकचकीतच दिसत राहते. प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घ्या आणि वितावितावर ठोकत जा. चांगल्या जागी टणक, कोरडा ‘टक्’ येतो. कुजलेल्या जागी तोच ठोका ‘भद्द’ होऊन आत विरतो. हा फरक एकदा कानात बसला की विसरत नाही. मग इंजिन वर उचलून त्याच्या पायाला धरून खाली-वर हलवा आणि नजर ट्रान्समवर ठेवा. भिंत लवताना दिसली तर आभार मानून घरी जा, ब्रँड कुठलाही असो. (विकणारा कपाळाला आठ्या घालेल. घालू द्या.)

‘ती बुडत नाही’

ह्या समजाचा उगम मात्र खरा आहे, आणि सुंदरही. बॉस्टन व्हेलर कंपनी सुरू करणारे डिक फिशर १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात झळकले ते आपल्या १३ फुटी बोटीत ऐटीत बसलेले, आणि बोट करवतीनं मधोमध कापली जात असलेली. नंतर मागचा अर्धा तुकडा ते चालवत घेऊन गेले. तळाच्या दोन कवचांमध्ये फोम ठासून भरलेला होता, ही त्यातली करामत.

पण बुडू नये म्हणून फोम घालणं ही आज एका ब्रँडची मक्तेदारी राहिलेली नाही. अमेरिकेत २० फुटांखालच्या, दोनपेक्षा जास्त अश्वशक्तीचं आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगलेलं इंजिन) लागणाऱ्या एकतळी बोटींना पाणी भरल्यावरही सपाट तरंगत राहण्याची सक्ती आहे. फुगवायच्या बोटींसारखे अपवाद सोडले, तर त्या मापाची स्वस्त बोटही हा नियम पाळूनच विकावी लागते. खरा फरक पडतो तो २० फुटांच्या वर, जिथे ही सक्ती संपते. तिथे काही बांधणारे स्वतःहून फोम घालतात, काही घालत नाहीत. हे माहितीपत्रकात शोधा, नाही सापडलं तर लेखी विचारा.

शिवाय ‘बुडत नाही’ म्हणजे ‘तुम्ही कोरडे राहता’ असं नाही. काठापर्यंत पाणी भरलेल्या, जेमतेम तरंगणाऱ्या बोटीला धरून राहणं हा काही सहलीचा भाग नव्हे. जुन्या बोटीत फोम पाणी पिऊन बसला असेल तर ती कागदावरच्या वजनापेक्षा कितीतरी जड भरते. म्हणून काट्यावर घालून बघावी.

‘लाटेत ती आदळत नाही’

हा ब्रँडचा गुण नसून कोनाचा आहे. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, आणि मागच्या टोकाला त्या व्हीची बाजू आडव्या रेषेपासून किती अंश वर चढते, ह्यावर बरंच काही ठरतं. रे हंट ह्यांनी आखलेल्या २४ अंशांच्या खोल तळाची ‘मॉपी’ १९६० मध्ये मायामी ते नासाऊ ही शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, आणि तेव्हापासून ‘खोल तळ म्हणजे भारी तळ’ हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं.

समीकरणाची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. खोल तळाची बोट थांबली की डुलते. दोघं एका बाजूला गेले तर कलते. पाण्यावर उचलली जायला तिला जास्त ताकद लागते, म्हणजे जास्त इंधन. तुम्हाला शांत तलावात मुलांना पोहायला न्यायचं असेल, गळ टाकून दोन तास बसायचं असेल, तर १४-१५ अंशांची चपटी बोट तुम्हाला जास्त सुख देईल. उघड्या समुद्रात हीच बोट तुमच्या कमरेचे मणके मोजून घेईल. आणि एकाच ब्रँडच्या यादीत ह्या दोन्ही जातीच्या बोटी शेजारी शेजारी असतात, मग ‘ह्या ब्रँडची बोट आदळत नाही’ ह्याला अर्थ काय उरला?

युरोपातल्या बोटींवर ह्यासाठी एक उपयोगी पाटी असते, ए ते डी अशा वर्गांची. ‘ए’ सगळ्यात खवळलेल्या पाण्यासाठी, ‘डी’ सगळ्यात शांत पाण्यासाठी. ‘सी’ वर्ग म्हणजे बोफोर्ट (वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतच्या लाटा. ‘डी’ म्हणजे बोफोर्ट ४ आणि लाट साधारण ०.३ मीटर, एखादीच अर्ध्या मीटरची. कित्येक पाट्यांवर एकाच बोटीला दोन वर्ग असतात: ६ माणसं असतील तर ‘बी’, ८ असतील तर ‘सी’. माणसं वाढली की बोटीची लायकी उतरते, हे बांधणारा स्वतःच लिहून देतो. विकणारा ही पाटी क्वचितच दाखवतो.

‘इंजिन कंपनीनंच जुळवून दिलेलं असतं’

इथे मी पोळलोय. माझ्या पहिल्या बोटीचं नाव मोठं, इंजिनाचं नाव मोठं, आणि चाचणीच्या दिवशी बोटीत मी आणि विकणारा असे दोघंच, टाकीत तळाशी पेट्रोल. बोट उडाली. मी खूश. पंधरा दिवसांनी घरचे पाच जण, पूर्ण भरलेली टाकी, शीतपेटी आणि नांगर घेऊन निघालो तर बोट नाक वर करून पाणी नांगरत राहिली, आडवी काही होईना. पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर काटा मिनिटाला ४६०० फेऱ्यांवर अडकला. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण वेगाला ५००० ते ६००० हव्यात असं छापलेलं होतं.

दोष ना बोटीचा होता ना इंजिनाचा. पंखा (प्रॉपेलर) चुकीचा होता, एकट्या माणसाच्या वेगासाठी बसवलेला. पंख्याची पिच, म्हणजे एका फेरीत तो हिशेबानं जितका पुढे सरकतो ते अंतर, एक इंचानं कमी केली की साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात. तीन इंच कमी पिचचा पंखा लावला आणि त्याच पाच माणसांसकट काटा ५१०० च्या पुढे गेला. हा पंखा, इंजिनाची उंची, सुकाणूच्या केबली, बॅटरीच्या तारा, हे सगळं बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या शेडमध्ये बसवलं जातं, ब्रँडच्या कारखान्यात नाही. म्हणून चाचणी तुमच्या माणसांसकट आणि भरल्या टाकीनं करा. १५० लिटर पेट्रोलचंच वजन ११० किलोच्या आसपास भरतं, आणि माहितीपत्रकातलं ‘कोरडं वजन’ ते धरत नाही.

इंजिन वापरलेलं असेल तर खालच्या गिअरच्या पेटीचा स्क्रू सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्या. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

आणि इंजिनांतही मोठं नाव कायमचं नसतं. एव्हिनरूड हे आउटबोर्डमधलं आद्य नाव, १९०९ पासूनचं. मे २०२० मध्ये बीआरपी ह्या तिच्या मालक कंपनीनं ती इंजिनं बनवणं बंद केलं. बंद पडलेल्या इंजिनाचे सुटे भाग काही काळ मिळत राहतात, पण ते बसवणारा कारागीर आधी दिसेनासा होतो.

‘विकताना पैसे वसूल’

ह्यात तथ्य आहे. ओळखीचं नाव लवकर विकलं जातं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याची किंमत तुम्ही घेतानाच मोजलेली असते, आणि नव्या बोटीची किंमत पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात जोरात घसरते, नाव कुठलंही असो. मी माझी विकली तेव्हा घेणाऱ्यानं ब्रँडबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्यानं विचारलं ते इंजिनाचे तास किती, खाऱ्या पाण्यात किती चालली, आणि दर १०० तासांना किंवा वर्षाला सर्व्हिस केल्याच्या पावत्या आहेत का. पावत्या एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात होत्या. त्यानं त्या तारखेप्रमाणे लावून पाहिल्या, एक गहाळ निघाली, आणि त्या एका पावतीवरून किमतीची घासाघीस सुरू झाली.