जुन्या चित्रपटाचा आवाज सुधारू नका, होता तसा द्या

जुन्या मराठी-हिंदी चित्रपटाच्या डीव्हीडीवर मोठ्या अक्षरांत '5.1 सराउंड' (म्हणजे सहा स्पीकरमध्ये वाटलेला आवाज) छापलेलं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. 1960-70 च्या दशकांतले आपले बहुतेक चित्रपट मोनो होते. संवाद, गाणी, पार्श्वसंगीत, पावलांचे आवाज, सगळं एकाच ध्वनिपट्टीवर आणि पडद्याच्या मागून थेट समोर येणारं. ज्यांनी तो आवाज रेकॉर्ड केला, मिक्स केला, त्यांनी तो असाच ऐकला जाणार हे धरून केला. त्याला फोडून खोलीच्या सहा कोपऱ्यांत वाटण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला?

गेल्या काही वर्षांत मी एकच चित्रपट मिळेल त्या सगळ्या रूपांत घरी ऐकला. व्हीएचएस कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी आणि आता ऑनलाइन. साठच्या दशकातला, नाट्यसंगीताच्या वळणाच्या गाण्यांचा मराठी चित्रपट आहे. नाव लिहीत नाही, कारण मला एका कंपनीवर बोट ठेवायचं नाही. ही खोड सगळ्या धंद्यातच मुरलेली आहे. तंत्र पुढे जात गेलं तसा आवाजही सुधारत गेला असणार, असं कुणालाही वाटेल. माझ्या कानांना तसं आढळलं नाही. चौघांत डीव्हीडी सगळ्यांत वाईट निघाली, आणि जिच्या नावाने लोक नाक मुरडतात त्या व्हीसीडीत गायिकेचा गळा सगळ्यांत खरा वाटला.

कॅसेटपासून सुरुवात करतो. गोव्यात कितीतरी घरांत पहिला व्हीसीआर आला तो तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) काकांच्या किंवा गल्फमधल्या मामाच्या सामानातून. त्यातली काही यंत्रं हाय-फाय होती. व्हीएचएसमध्ये आवाज दोन प्रकारे साठवता येतो. साधा मोनो आवाज टेपच्या कडेला, स्थिर हेडने लिहिलेला असतो. हाय-फाय आवाज फिरत्या ड्रमवरच्या हेडने चित्राच्याच वाटेने, चित्राच्या खालच्या थरात लिहिलेला असतो. हाय-फाय ट्रॅक सीडीच्या जवळ जातो. कडेच्या ट्रॅकचं मात्र नशीब वाईट. ऑडिओ कॅसेटची टेप सेकंदाला 4.76 सेंटीमीटर सरकते, आणि आपल्याकडच्या पाल (PAL) या व्हिडिओ पद्धतीच्या व्हीएचएसची जेमतेम 2.34 सेंटीमीटर. वेग निम्म्याहून कमी, त्यामुळे वरचे स्वर बोथट आणि सरसर जास्त. एखादं गाणं ऑडिओ कॅसेटवर मोकळं आणि चित्रपटाच्या कॅसेटवर घोंगडीत गुंडाळल्यासारखं ऐकू येई, त्याचं कारण हे. आपल्याकडे विकल्या-भाड्याने दिल्या गेलेल्या जुन्या चित्रपटांच्या बहुतेक कॅसेटवर कडेचा मोनो ट्रॅकच असे.

पण घुसमटलेला आवाज मी सहन करू शकतो. मला जास्त खुपतो तो चढलेला सूर.

चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम्सच्या वेगाने चित्रित होतो. पाल व्हिडिओ चालतो 25 फ्रेम्सने. मग सोपा उपाय काय, तर चित्रपट थोडा पळवायचा. चार टक्के. 150 मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपतो, आणि आवाजाची पट्टीही वर सरकते, सुमारे 70 सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या जवळजवळ पाऊण हिस्सा. काळी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एकमध्येही राहत नाही आणि पांढरी दोनपर्यंतही पोचत नाही. पेटीवर ते धरताच येत नाही. आमच्या वाड्यावरच्या भजनी बुवांना मी काहीही न सांगता कॅसेटवरचं गाणं ऐकवलं. पेटी पुढ्यात होती. दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "अरे, हे दोन पट्ट्यांच्या मधे अडकलंय. बाई अशा गात नव्हत्या." मी म्हटलं, "बुवा, बाई बरोबरच गायल्यात, टेप पळतेय." त्यांनी पेटीचा भाता मिटला आणि मूळ रेकॉर्ड आहे का म्हणून विचारलं.

ही बाब क्षुल्लक नाही. गळ्याचा पोतच बदलतो. स्वर पातळ होतो, ताना घाईत घेतल्यासारख्या वाटतात, संवादातला बाईचा जड आवाज हलका होतो. ज्या पिढीने हे चित्रपट फक्त टीव्हीवर आणि कॅसेटवर पाहिले तिच्या कानात त्या नटांचे आवाज मुळापेक्षा चढेच बसलेले आहेत. इथे मला दर वेळी आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर आठवतात. 1977 साली व्हॉयेजर यानांतून गेलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. त्या तबकडीच्या आवरणावर ती किती वेगाने फिरवायची हे कोरलेलं आहे. एक फेरी 3.6 सेकंदांत, आणि तेही हायड्रोजन अणूच्या मापात, म्हणजे आपली घड्याळं ज्यांना ठाऊक नाहीत त्यांनाही ते उलगडावं. गाणाऱ्या बाईचा सूर आहे तसाच पोचला पाहिजे, एवढी काळजी तिथे घेतली गेली. मराठी चित्रपटाच्या कॅसेटवर किंवा डिस्कवर 'हा पाल वेगाचा आहे' एवढी एक ओळ छापलेली मी अजून पाहिलेली नाही.

घरच्या घरी यावर इलाज आहे, म्हणून सांगून ठेवतो. फाइल संगणकावर असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग 0.96 करा आणि आवाजाच्या सेटिंगमधला टाइम-स्ट्रेचिंगचा पर्याय बंद करा. तो चालू असेल तर वेग उतरतो पण पट्टी चढीच राहते. बंद केलात की दोन्ही जागेवर येतात. एकदा करून पाहा. आधी सगळं संथ वाटेल, पाच मिनिटांत कान बसतील.

व्हीसीडीवर आवाज एमपीईजी-1 लेअर 2 या पद्धतीने दाबलेला असतो, सेकंदाला 224 किलोबिट. चित्र 352 बाय 288, म्हणजे दाणेदार, हलताना चौकटी पडणारं. एका डिस्कवर साधारण 74 मिनिटं, म्हणून मध्येच उठून डिस्क बदलायची. तरीही मोनो आवाजाला 224 किलोबिट पुरेसे आहेत. जुन्या चित्रपटांची ध्वनिपट्टी प्रकाशाने फिल्मच्या कडेवर छापलेली असे, आणि थिएटरात तिचे वरचे स्वर मुद्दामच उतरवून ऐकवत. त्या मुळातच नाही असं काही व्हीसीडी खाऊन टाकत नाही. माझ्याकडच्या व्हीसीडीत सरसर आहे, रीळ बदलताना 'टक्' असा आवाज आहे, एके ठिकाणी संवाद फाटतो. पण तिच्यावर कुणी 'काम' केलेलं नाही. मिळालेली ध्वनिपट्टी उचलून आहे तशी ओतली. बजेट नव्हतं म्हणून आवाज वाचला. (पट्टी मात्र हिचीही चढलेलीच आहे. ती वर सांगितल्याप्रमाणे उतरवून घ्यावी लागते.)

आता डीव्हीडी. कागदावर ही फारच पुढे. डॉल्बी डिजिटल 448 किलोबिटपर्यंत, हवं तर न दाबलेला पीसीएमही. भारतात निघालेल्या बऱ्याच डीव्हीडी एनटीएससी या अमेरिकी व्हिडिओ पद्धतीच्या होत्या, तिच्यात 24 फ्रेम्सचा वेग न चढवता बसतो, म्हणजे सूर शाबूत राहायला हवा. पण डिस्क बनवायला जुनी पाल टेपच वापरली असेल तर चढलेला सूर तसाच पुढे जातो. माझ्या डिस्कवर नेमकं तेच झालंय. वर 5.1 चा साज.

हा साज कसा चढवतात ते ऐका. मुळात एकच ट्रॅक असतो. त्यातून संवाद आणि संगीत वेगळं काढायचं म्हणजे फिल्टर लावून अंदाजाने काढायचं. मधल्या स्पीकरला बोलण्याचा पट्टा, डाव्या-उजव्याला तोच आवाज थोडा उशिराने किंवा फेज फिरवून (म्हणजे लहर उलटी करून), मागच्यांना घुमारा. काही ठिकाणी तर घोड्याच्या टापा, पाऊस, दाराचा आवाज नव्याने घालतात. मग हा सहा वाटांचा आवाज आपल्या घरी साध्या टीव्हीच्या दोन स्पीकरमधून पुन्हा एकत्र होतो, आणि उशिरा आलेली प्रत मूळ आवाजातले काही स्वर खोडून टाकते. संवाद टाकीत बसून बोलल्यासारखा पोकळ होतो. गाणं सुरू झालं की गायिका दोन पावलं मागे जाते आणि व्हायोलिनं कानाशी येतात.

याच्याही आधी 'स्वच्छता' झालेली असते. सरसर काढण्याचं सॉफ्टवेअर जोरात चालवलं की ते सरसर आणि तानपुरा यांत भेद करत नाही. दोन्ही सतत चालणारे, बारीक आवाज. दीनानाथांच्या आणि अभिषेकीबुवांच्या मंगेशीजवळ राहणाऱ्या आम्हा लोकांना, जत्रेत देवळाच्या मंडपात रात्रभर गाणं ऐकत वाढलेल्यांना, तानपुऱ्याची जवारी (तारांचा गुंजारव) गेली की गाण्याखालची जमीन गेल्यासारखं वाटतं. माझ्या डीव्हीडीत नायिका आलाप घेते तेव्हा मागे निर्वात पोकळी आहे. ती श्वास घेते तो श्वाससुद्धा पुसलेला. व्हीसीडीत तोच तानपुरा सरसरीच्या आडून स्पष्ट वाजतो. सरसर कानाला पाच मिनिटांत सवयीची होते. पुसलेला तानपुरा परत आणता येत नाही.

तुमच्याकडच्या प्रतीचं काय, हे तपासायचं असेल तर आवाज ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, एक चॅनल उलटा करा आणि दोन्ही एकत्र मिसळा. खरा मोनो असेल तर जवळजवळ शांतता उरते. घुमारा किंवा भुतासारखं गाणं उरलं तर समजा, कुणीतरी हात फिरवलाय.

मी सगळ्याच बहुस्पीकर आवाजाच्या विरोधात नाही. 'शोले' 1975 मध्ये 70 एमएमवर आला तो सहा ट्रॅकच्या चुंबकीय स्टिरिओ आवाजासह. तिथे उडवलेलं नाणं, टापा, बंदुका यांच्या जागा मुळातच ठरवलेल्या होत्या. पण त्याच चित्रपटाच्या 35 एमएम प्रिंट मोनो होत्या, आणि लहान गावांनी तोच मोनो ऐकला. माझ्या मते अशा चित्रपटाचे दोन्ही आवाज मूळच आहेत आणि डिस्कवर दोन्ही हवेत.

आणि आजच्या चित्रपटांसाठी ब्लू-रेला तोड नाही, हे मान्यच करायला हवं. 24 फ्रेम्सचा खरा वेग, आणि डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, ज्यात मूळ मिक्समधला एकही बिट गळत नाही. दुःख एवढंच की मराठी चित्रपट ब्लू-रेवर फारसे आलेच नाहीत. ओटीटीवर डॉल्बी डिजिटल प्लस मिळतो, दाबलेला असला तरी चांगला असतो, आणि संवादाची पातळी सांभाळलेली असते. खरं सांगायचं तर गोव्याच्या जुलैत, वर पत्रे आणि बाहेर धो-धो, ब्लू-रेमधली हळुवार कुजबुज कुणाला ऐकू येणार? तेव्हा नाइट मोड लावून मोठे आवाज दाबणं हाच शहाणपणा. मोठ्या-हळू आवाजांतलं विशाल अंतर अनुभवायचं असेल तर डिसेंबरातल्या रात्री बसा.

यूट्यूबवरच्या जुन्या मराठी चित्रपटांबद्दल थोडक्यात: बरेचसे व्हीसीडीवरूनच उतरवलेले, पुन्हा एकदा दाबलेले. काही महाभाग तर कॉपीराइटची पकड चुकवायला मुद्दाम पट्टी सरकवतात. त्यावरून गाणं बसवू नका. स्पर्धेसाठी मुलांना गाणी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

2004 पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, तिथे आपल्याला जीर्णोद्धार केलेले जुने चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायला मिळतात. तिथे लोक चित्राबद्दल भरभरून बोलतात, ओरखडे गेले, रंग परत आले. आवाजाबद्दल प्रश्न विचारताना मी क्वचितच कुणाला पाहिलंय. विचारा. आवाज कशावरून घेतला, मूळ निगेटिव्हवरून की प्रिंटवरून की टेपवरून? सरसर किती काढली? मोनो ठेवलाय का? आणि डिस्क किंवा ओटीटीवर देताना खुशाल 5.1 करा, पण शेजारी मूळ मोनो ट्रॅक द्या. मोनोला जागा फारच थोडी लागते.

शेवटी गोव्यातल्यांसाठी एक कामाची गोष्ट. आपल्या दमट हवेत कॅसेटना बुरशी लागते. खिडकीतून पाहिलं तर टेपच्या गुंडाळीवर पांढरट डाग दिसतात. अशी कॅसेट यंत्रात घालू नका, हेड खराब होतात आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी कोरड्या जागी ठेवा, मग जाणकाराकडून साफ करून घ्या. कडेचा मोनो ट्रॅक खराब झाला असेल तरी, कॅसेट हाय-फायवर भरलेली असल्यास, दुसरा ट्रॅक वाचलेला असू शकतो, म्हणून उतरवताना दोन्ही तपासा. फोंडा, म्हापसा, मडगावच्या बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ऱ्यांचा माल कुणाच्या माळ्यावर असेल, त्यात जुने मराठी चित्रपट असतील, किंवा घरच्या नाटकांचं नि भजनांचं रेकॉर्डिंग असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी खाली एक ओळ लिहा. हाय-फाय यंत्र माझ्याकडे चालू स्थितीत आहे, आणि पट्टी तपासायला बुवा तयार आहेत.