तिसऱ्या उन्हाळ्याचं पाणी

माझ्या बागेत येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "लातुरात एवढी हिरवाई कशी काय?" मग जरा आवाज खाली करून, "एवढं पाणी परवडतं का?"

प्रश्न रास्तच आहे. २०१६चा उन्हाळा इथं कुणीच विसरलेलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला टाक्यांचे दहा डबे होते, त्यात पाच लाख लिटर पाणी. माझी बाग त्याच उन्हाळ्यातली आहे. टँकरच्या पाण्यानं आंघोळ करायची आणि तेच पाणी डोळ्यांदेखत गटारात सोडायचं, हे मला बघवेना. आजोळी न्हाणीच्या मोरीमागे केळ आणि अळू असायचेच, ते आठवलं. मागच्या दारी हातभर खोल चर खणला, मोरीचं पाणी तिकडं वळवलं आणि केळीचा एक मुनवा लावला. आज तिथं केळीचं बेट आहे, खाली कमरेएवढा अळू, कडेनं कर्दळ आणि हेलिकोनिया. नळाचं पाणी यांना मी देतच नाही. धुण्याचं पहिलं, फेसाळ पाणी मात्र बागेत सोडायचं नाही. त्यातल्या क्षारांनी माती दगडासारखी घट्ट होते, हे एक वर्ष गमावून शिकले.

आपली काळी माती समजून घ्यायला मला वेळ लागला. पावसाळ्यात तिला पाय चिकटतो, उन्हाळ्यात तिच्या भेगांत मनगट जातं आणि त्या भेगा पडताना कोवळ्या मुळ्या तुटतात. शिवाय तिच्यात चुनखडी. माझा सोनचाफा दोन वर्षं आजारी होता. नवीन पान पिवळंजर्द आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या, जणू कुणी हिरव्या पेनानं आखल्यात. रोज पाणी घालायचे, पान आणखी पिवळं पडायचं. नंतर कळलं की मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे झाडाला ते उचलता येत नाही आणि जास्त पाण्यानं उलट अडचण वाढते. पाणी कमी केलं, शेणखत आणि थोडी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घातली. श्रावणात हिरवं पान आलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बाहेर बोलावलं होतं.

आणि पाचोळा. आमच्या गल्लीत सकाळी झाडाखालचा पाचोळा गोळा करून काडी लावायची पद्धत आहे. मी आता सगळ्यांकडून पोती मागून घेते. वीतभर थर अंथरला की एप्रिलच्या भर दुपारीसुद्धा खाली हात घातल्यावर माती गार लागते, गांडूळ बोटाला लागतं. त्याच वेळी कुंपणाबाहेरची उघडी जमीन भाजत असते. माझं आणि बाहेरचं नातं या पोत्यांपासूनच सुरू झालं. ज्यांच्याकडून पाचोळा आणायचे, त्यांच्यासोबत रविवारी सकाळी रस्त्याकडेच्या झाडांना पाणी घालायला जाऊ लागले.

आता जे लिहायला बसले, ते लिहिते. आपल्याकडे झाडं लावणारे पुष्कळ झाले. राज्याच्या मोहिमेचं लक्ष्य २०१६ला दोन कोटी होतं, २०१७ला चार, २०१८ला तेरा आणि २०१९ला तेहतीस कोटी. आकडा दरवर्षी लावलेल्यांचाच सांगितला जातो. आमच्या जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही, म्हणून इथं लावणं गरजेचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण झाडाचा खरा निकाल तिसऱ्या उन्हाळ्यात लागतो. पहिल्या उन्हाळ्यात उत्साह असतो, दुसऱ्यात निम्मे लोक येतात. तिसऱ्यात झाड डोक्याएवढं झालेलं असतं, सगळे म्हणतात "आता जगलं", आणि मेमध्ये ते उभ्या उभ्या वाळतं. मुळी अजून खालच्या ओलीपर्यंत पोचलेली नसते. तीन उन्हाळे पाणी घालायला माणसं नसतील, तर पाचशे खड्डे घेऊ नका, पन्नास घ्या. ही माझी ठाम भूमिका आहे आणि तिच्यामुळे काही मंडळी माझ्यावर नाराज आहेत. चालेल.

एका वर्षी जुलैमध्ये एका संस्थेच्या कार्यक्रमाला आम्ही मदतीला गेलो होतो. दीड तासात दोनशे रोपं लागली, फोटो झाले, नाश्ता झाला. दिवाळीच्या सुमारास आम्ही चौघी तिथं गेलो तर ओळीच्या ओळी वाळलेल्या. एक करंज हातानं ओढलं, ते अलगद वर आलं. मुळांना काळी पिशवी तशीच! नुसता तळ टराटरा फाडलेला, बाकी प्लास्टिक सगळं जागेवर, आणि आत मुळ्या गोल गोल फिरून दोरीच्या गुंडाळीसारख्या झालेल्या. बाहेर दोन बोटांवर ओली माती होती, तिथवर एकही मुळी गेली नव्हती. त्या दिवशी आम्ही एकतीस रोपं उपटली, सव्वीस पिशवीसकट निघाली. मला रडू आलं. पिशवी उभी कापून पूर्ण काढायला दहा सेकंद लागतात.

तेव्हापासून आम्ही खड्डे मेमध्येच खणतो, दोन फूट लांब-रुंद-खोल, आणि पाऊस येईपर्यंत ऊन खाऊ देतो. भरताना कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी निंबोळी पेंड. रोपं शक्यतो स्वतः करतो. निंबोळी ताजी असतानाच पेरावी लागते, महिनाभर डब्यात ठेवली की बहुतेक उगवतच नाही. झाडं लावायची ती कडुनिंब, करंज, उंबर, चिंच, कवठ, बहावा, आणि मोकळं माळरान असेल तर पळस, हिवर. झटपट हिरवं दिसतं म्हणून कुणी कोनोकार्पस या परदेशी झाडाचा आग्रह धरला तर मी सरळ नाही म्हणते. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आणि आपण अजून दुभाजकांत लावतोय.

उजाड माळावर काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी बीडजवळ पालवणला जाऊन यावं. सयाजी शिंदे आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथल्या बोडक्या डोंगरावर देवराई उभी केली, फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं वृक्षसंमेलन भरलं.

आमच्या रस्त्यावर एक चहाची टपरी आहे. २०१७ मध्ये तिच्याशेजारी उंबर लावला. टपरीवाल्या मावशींनी पहिल्या वर्षी मला म्हटलं होतं, "ताई, कशाला जीव काढायलाव उन्हात? ऱ्हात नाही ते." दुसऱ्या वर्षी बघते तर कपबश्या विसळलेलं पाणी त्या रोज त्याच्या आळ्यात ओतत होत्या. तीन उन्हाळे त्यांनीच काढले. आज त्या झाडाखाली टपरीचे दोन बाक आहेत. यंदा बुंध्याला उंबरं लगडली, तांबट पक्षी दिवसभर ठोक्याची टुकटुक लावून बसतो.

पण त्याच रस्त्यावरच्या बाकीच्या झाडांभोवतीचे गार्ड बघा. पाच वर्षांपूर्वीची लोखंडी जाळी अजून तशीच आहे आणि एका कडुनिंबाच्या सालीत तिची तार बोटभर आत रुतलीय. साल तारेवरून ओठासारखी वाढलीय. तिथून रस वरखाली कसा जाणार? दोन झाडांना पेव्हर ब्लॉक अगदी खोडाला टेकवून बसवलेत. सांगितलं तिथं सांगून झालं, अर्जही दिला.

म्हणून येत्या रविवारी सकाळी साडेसहाला त्या टपरीपाशी जमतोय. रोपं आणू नका, यंदा एकही नवीन झाड लावायचं नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी तार कापायची पक्कड, एखादी पहार आणि घमेलं आणा. तार जिथं सालीत रुतलीय तिथं ओढायची नाही, दोन्ही बाजूंनी कापून तेवढा तुकडा आतच राहू द्यायचा. अकरा झाडं आहेत, ऊन चढायच्या आत होतील.