आधी विचारायचं असतं हो

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे ओततोय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना फुलांचे गुड मॉर्निंग हवेत त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आज साडेसहाला नेहमीसारखा मैदानात गेलो, तर नाल्याकडचा अख्खा कोपरा पत्रे ठोकून बंद. फटीतून बघितलं. आत जेसीबी, पुरुषभर खोल खड्डा, त्यात सळयांचे पिंजरे उभे. शनिवारी तिथे पोरं कॅचिंग प्रॅक्टिस करत होती. कामाचा फलक शोधला, नाही. ठेकेदाराचं नाव नाही, खर्चाचा आकडा नाही. मुकादमाला विचारलं तर म्हणतो, "साहेब, वरून सांगितलंय, आपण खणतोय." एक जण म्हणतो प्रेक्षक गॅलरी होणार, दुसरा म्हणतो फूड कोर्ट, आमच्या वॉकिंग ग्रुपमधल्या सर्वज्ञांच्या मते म्युझिकल कारंजं. म्हणजे खड्डा तयार आहे, त्यात काय घालायचं तेवढं ठरायचंय.

मैदानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अस्सल ठाणेकरांनी नाल्याकडचा कोपरा म्हटल्यावर ओळखलंच असेल.

याच मैदानातली १९८४ ची मे महिन्याची सुट्टी. ठाण्याची महापालिका होऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती, आणि मी अकरा वर्षांचा. बॉल पलीकडे गेला म्हणून मी शॉर्टकट मारला, थेट पिचवरून. माळीकाकांनी नुकतंच पाणी मारलेलं. (बाहेरच्यांसाठी: आपल्याकडे मैदानावर पिच राखतो तो माळी, मग जन्मात त्याने गुलाबाचं रोप लावलेलं नसेना का.) चार पावलं स्वच्छ उमटली, बोटांसकट. काका ओरडले नाहीत. जवळ आले आणि म्हणाले, "विचारलंस?" एवढंच. मग लाल मातीचा गारा माझ्या हातात दिला आणि एकेक ठसा माझ्याकडून भरून घेतला. कडा अंगठ्याने दाबायच्या, मध्ये हवा राहू द्यायची नाही, वरून चोपण्याने हलक्या हाताने चोपायचं. जोरात चोपलं तर परत करायला लावायचे. अंधार पडेपर्यंत मी उकिडवा बसून होतो. घरी आईने दिला तो प्रसाद वेगळा.

बावीस यार्ड लांब आणि दहा फूट रुंद पट्टी. तिच्यावर पाय टाकायला अकरा वर्षांच्या पोराला परवानगी लागत होती. आणि हे जेसीबी घेऊन शिरले!

आता काही मित्र लगेच येतील, "तुम्हाला प्रत्येक विकासकामात खोट दिसते." अरे बाबांनो, मैदानात मुलींसाठी साधं टॉयलेट नाही, माझी भाची मॅचच्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडे जाऊन कपडे बदलते, हे मलाही माहीत आहे. बांधा की चेंजिंग रूम. मी स्वतः श्रीफळ घेऊन येतो. पण नकाशा दाखवा, कुठे बांधताय ते सांगा, तिथे रोज खेळणाऱ्यांना एकदा विचारा.

कायदाही काही वेगळं सांगत नाही. विकास आराखड्यात मैदान म्हणून असलेल्या जागेचं आरक्षण बदलायचं तर १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम ३७ आहे. जाहीर सूचना काढा, महिनाभर हरकती घ्या, ऐकून घ्या. साधं झाड तोडायचं तरी १९७५ च्या कायद्याप्रमाणे नोटीस लागते, हरकतीला सात दिवस मिळतात. एका झाडाला सात दिवस, आणि तीन पिढ्या खेळल्या त्या मैदानाला एक रविवारची रात्र? बरं, त्याच कोपऱ्यात तो जुना रेनट्री आहे. २०२१ पासून पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात. हा तर माझ्या लहानपणीच एवढा होता की त्याच्या सावलीत दोन्ही टीम बसायच्या. खड्डा त्याच्या बुंध्यापासून मोजून पाच पावलांवर आहे. तुटलेली मुळं मातीच्या ढिगात दिसतायत, पांढरी, ओली. ते बघून माझं खरं टाळकं सरकलं.

आणि कोपरा निवडला तोही कुठला! माळीकाकांनी त्याच सुट्टीत मला कळशीभर पाणी जमिनीवर ओतून दाखवलं होतं. "बघ, कुठे जातं." पाणी हळूहळू नाल्याकडे सरकलं. सपाट दिसणारं मैदान सपाट नसतं, त्याला उतार दिलेला असतो, म्हणून धो धो पावसानंतरही उघडीप पडली की खेळता येतं. आता उतार जिथे संपतो तिथेच प्लिंथ, म्हणजे बांधकामाचा चौथरा येणार. जुलैत पिचवर बदकं सोडा. कुणा इंजिनिअरला हे कळलं नसेल असं नाही, पण त्याला विचारणारं तरी कोण होतं?

जरा चहा पिऊन आलो. थोडा शांत झालोय, तर एक कबुली देतो. गावदेवी मैदानाखाली पार्किंग करायचं ठरलं, लोक विरोध करत होते, तेव्हा मी गप्प होतो. गप्प कसला, मनातून खूश होतो, स्टेशनजवळ गाडी लावायची सोय होणार म्हणून. दुसऱ्याच्या मैदानाच्या वेळी मला पार्किंग दिसलं. आज माझ्या मैदानावर आलं तर मी कलमं सांगतोय. हसा, हक्क आहे तुम्हाला.

पण "काही होत नसतं" असं मात्र कुणी म्हणू नका. खाडीपलीकडे घणसोलीला बघा. क्रीडासंकुलाची वीस एकर जागा, त्यातली काही बिल्डरला आणि संकुल थेट माणगावला. म्हणजे नवी मुंबईच्या पोराने प्रॅक्टिसला रायगडात जायचं! आर्किटेक्ट मंडळी कोर्टात गेली, २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, नवी मुंबई वसवणारी सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली तर तिथेही डाळ शिजली नाही. वर्षं गेली त्यात, हे खरं. आपल्याकडे वर्षं नाहीत, सळया उभ्या आहेत.

आणि ती प्रेक्षक गॅलरीची हौस कुणाला आहे देव जाणे. १९८८ ला आझाद मैदानात सचिन-कांबळीने ६६४ ची भागी केली ती काय गॅलरी बघून?

माळीकाका जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटी भेटले तेव्हा डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, मला आवाजावरून ओळखलं. "पिचवरून चालणारा ना तू?" एवढ्या वर्षांत मी शिकलो, नोकरी केली, घर घेतलं. त्यांच्या लेखी मी ती चार पावलंच. वाईट नाही वाटलं. आज फटीतून तो खड्डा बघताना वाटलं, बरं झालं ते नाहीत.

असो. उद्या सकाळी साडेसहाला गेटवर आहे. अर्ज लिहून झालाय, मागणी दोनच: नकाशा आणि परवानगी दाखवा, तोवर काम थांबवा. नाव, पत्ता, सही. माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा टाकतोय, पण त्याला तीस दिवस, तोवर स्लॅब पडेल. ज्यांना सहीची भीती वाटते त्यांनी नुसतं चालायला या, डोकी दिसली तरी पुष्कळ. झेरॉक्सचे पैसे माझे. आणि येताना मधून येऊ नका, कडेने या. आज संध्याकाळी पिचला पाणी मारलंय.